साठच्या दशकातल्या टू-सीटरची प्रतिकृती: इंजिन कोणतं घ्यावं?

प्रश्न असा आला आहे. कोल्हापुरातच चौकोनी पाइपची चासी आणि फायबरची बॉडी करून १९६० च्या सुमाराच्या ब्रिटिश उघड्या टू-सीटरची प्रतिकृती बांधायची आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, पूर्ण गाडीचं वजन सहाशे किलोच्या आत. पद्मिनीचं इंजिन घ्यावं, एस्टीमचं, जिप्सीचं, एखादं डिझेल की सरळ बाइकचं?

उत्तर आधी देतो. जिप्सी किंगचं १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन घ्या आणि त्यासोबत जिप्सीचीच पाच गिअरची गिअरबॉक्स घ्या. मागे ईकोची ॲक्सल बसवा. बोनेट उघडल्यावर जुन्या काळाचंच इंजिन दिसलं पाहिजे असा आग्रह असेल तर प्रीमियरच्या ११८ एनई या जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घ्या. बाकीचे पर्याय बाद का होतात ते पुढे येईलच. पण इंजिनाआधी कागदांचा विषय मिटवावा लागतो, कारण इंजिनाची निम्मी निवड तिथेच ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कारखान्याने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नवी चासी बांधली तर ते नवं वाहन ठरतं आणि त्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ ही मर्यादा लागू आहे, त्यात जिप्सीचं किंवा पद्मिनीचं इंजिन बसणार नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले ते मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी आहेत, प्रतिकृतीला ते लागू होत नाहीत. म्हणून पुढचं सगळं ट्रॅक, खाजगी जागा आणि प्रदर्शन एवढ्याच वापरासाठी लिहितो आहे. ट्रॅकपर्यंत गाडी टेंपोत घालून न्यायची. 'जुन्या गाडीची आरसी लावून एमएच-०९ ची पाटी मारून देतो' असं कुणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि तुमच्यावर फौजदारी होईल.

एक गोष्ट मात्र यामुळे सोपी होते. गाडी ट्रॅकवरच चालणार असेल तर शहरातलं मायलेज, पाचव्या गिअरमधला निवांतपणा, एसीचा कॉम्प्रेसर या गोष्टींचा विचारच करायला नको.

आता ताकद. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ज्या गाड्यांची नक्कल करायची असते त्या मुळात किती कमी ताकदीच्या होत्या ते ठाऊक नसतं. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये ९४८ सीसीचं ४३ बीएचपीचं इंजिन होतं. १९५४ साली आलेली पोर्शे ३५६ स्पीडस्टर साध्या रूपात ५५ अश्वशक्तीची होती. १९५५ च्या एमजीए १५०० ची ताकद सत्तरच्या आसपास होती. या गाड्यांची मजा कमी वजनात, खाली बसलेल्या सीटमध्ये आणि पातळ टायरमध्ये आहे. अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर इंग्लंडच्या कॅटरहॅम कंपनीने आपल्या सेव्हन १६० या मॉडेलमध्ये सुझुकीचं तीन सिलिंडरचं ६६० सीसी टर्बो इंजिन बसवलं. ताकद ८० अश्वशक्ती, गाडीचं वजन पाचशे किलोच्या आत, आणि मागची सॉलिड ॲक्सलसुद्धा सुझुकीचीच.

तुमच्या गाडीसाठी आकडेमोड करू. गाडी ५५० किलो आणि दोन माणसांचे १५० धरले तर ७०० किलो. आठ टक्के चढावर ताशी ५० किलोमीटरने जायला चढाचे सुमारे ५५० आणि टायरच्या घर्षणाचे सुमारे १०० असे ६५० न्यूटन लागतात, म्हणजे ९ किलोवॉट, जेमतेम १२ अश्वशक्ती. सपाटीवर वारा महत्त्वाचा. उघड्या गाडीचा आकार वाऱ्याला वाईट असतो, तरी ताशी १०० ला चाकांवर १८-१९ अश्वशक्ती पुरते. ताशी १५० ला मात्र तीच गरज ५६ पर्यंत चढते. म्हणजे क्रँकवर ८० असली, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये पंधरा टक्के गेली, तर चाकांवर ६८ उरते आणि गाडी १५० च्या थोडी पुढे जाते. साध्या वेल्डिंगच्या चासीला आणि कारच्या मूळ ब्रेकला याच्या पुढचा वेग देऊ नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने पाचेक टक्के ताकद हवेतच कमी होते, तेही हिशेबात धरा.

आता खरा मुद्दा. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळ्या गाड्यांतून घेऊ नका. कोल्हापुरात हे पटवून देणं अवघड जातं, कारण इथे काहीही करून मिळतं. उद्यमनगरात टर्नर आहे, बोअरिंग आहे, ग्राइंडिंग आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पॅटर्न दिला की ॲल्युमिनियमचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधलं, क्लचभोवतीचं कवच) ओतून मिळेल. त्यामुळे 'इंजिन याचं, गिअरबॉक्स त्याची, मध्ये प्लेट टाकू' हा विचार पहिल्याच दिवशी येतो. प्लेट होते. पण ती बरोबर होणं ही वेगळी गोष्ट आहे.

क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावे लागतात. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेल हाउसिंगच्या बोअरभोवती क्रँक पूर्ण फिरवला तर काट्याचा एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा. प्लेटला भोकं पाडून बोल्ट आवळले म्हणून हा फरक आत येत नाही. बोल्ट फक्त आवळून धरतात, जागा ठरते ती डॉवेल पिनने. फरक जास्त राहिला तर लक्षणं हळूहळू येतात. आधी क्लच दाबताना चरचर, मग क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग जातं, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग वाजू लागतं आणि शेवटी क्लच प्लेटचा मधला हब स्प्रिंगसकट फाटतो. गिअरबॉक्स चौथ्या गिअरमधून आपोआप बाहेर येत असेल तर तेही याचंच लक्षण असू शकतं. शिवाय प्लेटच्या जाडीने इनपुट शाफ्ट मागे सरकतो. मग तो पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचतो का, क्लच प्लेटचा हब पूर्ण स्प्लाइनवर बसतो का, स्टार्टरचा दात रिंगला नीट लागतो का, हे प्रश्न उभे राहतात.

प्लेट करायचीच वेळ आली तर १२ ते १६ मिलिमीटर जाडीची घ्या. दोन्ही बाजूंची डॉवेल भोकं आणि मधला बोअर व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) एकाच सेटिंगमध्ये पाडून घ्या. जॉब काढून पुन्हा लावला की अचूकता गेली. शेवटचा उरलेला फरक विकेंद्री डॉवेलने काढता येतो.

याच कारणाने जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं १.५ लिटर इंजिन इथे सुचवत नाही, ताकद शंभरच्या वर असली तरी. त्या काळातली होंडाची डी मालिकेची इंजिनं बाकीच्यांच्या उलट दिशेने फिरतात. दुसऱ्या कुणाची, गाडीच्या लांबीत बसणारी गिअरबॉक्स जोडली तर गाडीला एक गिअर पुढचा आणि बाकीचे रिव्हर्स मिळतील. डिफरन्शियल उलटं बसवून मार्ग काढणारे आहेत, पण मग त्यातल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांना तेल नीट मिळत नाही.

जिप्सी या सगळ्यातून सुटते. इंजिन मुळातच लांबीत बसलेलं आहे, ताकद ८० बीएचपी ६००० आरपीएमला आणि टॉर्क १०३ न्यूटन मीटर ४५०० ला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणून पुढच्या चाकांवर ओझं कमी. गिअर लिव्हर गिअरबॉक्सच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे टू-सीटरमध्ये तो आपोआप हाताशी येतो. सगळ्यात सोयीची बाब म्हणजे जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी लटकलेली असते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती सरळ काढून टाकायची आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजवरून प्रोपेलर शाफ्ट थेट मागे न्यायचा.

जिप्सीचं इंजिन मिळालं नाही, फक्त गिअरबॉक्स मिळाली, तरी काम अडत नाही. एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं आहे आणि जिप्सीच्या बेल हाउसिंगला जुळतं. जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं, ९४ बीएचपीचं इंजिनही जुळतं, फक्त ते उंचीला जास्त आहे, म्हणून बोनेटची रेषा आधी मोजा. दोन्ही इंजिनं मूळ गाडीत आडवी होती. त्यामुळे संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), ऑइल पिकअप (त्यातून तेल ओढणारी नळी), माउंटिंग ब्रॅकेट आणि पाण्याचा आउटलेट जिप्सीचे घ्यावे लागतात. पिकअप न बदलता नुसता संप बदलणं ही नेहमीची चूक आहे: पिकअपची जाळी संपच्या तळापासून ८ ते १० मिलिमीटर हवी. जास्त वर राहिली तर वळणावर हवा ओढते आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग जातं. एस्टीमच्या इंजिनाबद्दल आणखी एक भरवसा म्हणजे आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला ४ या रेसिंग गाड्यांत हेच इंजिन वापरलं जातं. मोहिते रेसिंग अकॅडमीमुळे कोल्हापूरला त्या खेळाची ओळख आहे, तेव्हा त्यावर हात बसलेला माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही.

जिप्सीची मागची ॲक्सल मात्र घेऊ नका. तिचं डिफरन्शियल मध्यावर नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. गाडीच्या मधोमध बोगदा असलेल्या टू-सीटरमध्ये शाफ्ट तिरका जाऊन कुणाच्या तरी सीटखाली येतो. वजनही बरंच. आधी 'वेगळ्या गाड्यांतून घेऊ नका' म्हटलं ते इंजिन आणि गिअरबॉक्सपुरतं. गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांच्यात नुसता प्रोपेलर शाफ्ट असतो आणि शाफ्ट हव्या त्या लांबीचा करून मिळतो, म्हणून तिथे गाडी बदललेली चालते.

ईकोची ॲक्सल मध्यावरच्या डिफरन्शियलची आहे आणि कॉइल स्प्रिंगवर चालते, त्यामुळे चार रॉड आणि ॲक्सलला आडवं सरकू न देणारा एक पॅनहार्ड रॉड लावून ती नीट बांधता येते. ओम्नीची ॲक्सल अरुंद आहे, स्प्राइटसारख्या बारक्या बॉडीत चांगली बसते, पण ती ७९६ सीसीच्या इंजिनासाठी केलेली आहे. ८० बीएचपीने क्लच सोडून उडवलं तर पिनियनचे दात टिकणार नाहीत. ॲक्सलची रुंदी बॉडीच्या मोल्डशी जुळते का ते चासीला हात लावण्याआधी बघा. टायर मडगार्डच्या बाहेर आला तर गाडीचं रूपच जातं आणि ॲक्सल कापून आखूड करणं हे अचूक जिगशिवाय करू नये.

डिफरन्शियलचा रेशो कागदावर शोधत बसू नका. दोन्ही चाकं उचला, दोन्ही एकत्र एक पूर्ण फेरा फिरवा आणि पिनियनचा फ्लँज किती फेरे फिरला ते मोजा. किंवा झाकण काढून दात मोजा: क्राऊन ४३ आणि पिनियन १० असेल तर ४.३. जिप्सीच्या गिअरबॉक्सचे रेशो साधारण ३.६५, १.९५, १.४२, १ आणि ०.८ आहेत. १७५/७० आर१३ टायरचा घेर १.८ मीटर. ४.३ चं डिफरन्शियल असेल तर ६००० आरपीएमला पहिल्यात ताशी ४१, दुसऱ्यात ७८, तिसऱ्यात १०६ आणि चौथ्यात १५१ किलोमीटर. वरचं ताकदीचं गणित १५० च्या पुढेमागे थांबतं, म्हणजे चौथा गिअर अगदी चपखल बसला आणि पाचवा शिल्लक राहिला. ३.९ चं डिफरन्शियल असेल तर दुसऱ्यात ८५ आणि तिसऱ्यात ११७ मिळतात, सरळ पट्टा लांब असलेल्या ट्रॅकला ते चालेल. छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकला मी ४.३ किंवा त्याहून जास्तच घेईन.

संपूर्ण ईकोच घ्यायचा विचारही वाईट नाही. २०२२ पर्यंतच्या ईकोचं ११९६ सीसीचं ७३ बीएचपीचं इंजिन, पाच गिअर, शाफ्ट, ॲक्सल, सगळं एकाच गाडीतून येतं. अडचण गिअर लिव्हरची. ईकोत ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो, त्यामुळे लिव्हरची जोडणी गिअरबॉक्सपासून पुढे येते. टू-सीटरमध्ये तुम्ही गिअरबॉक्सच्या मागे बसणार, म्हणून ती सगळी जोडणी नव्याने उलट दिशेला करावी लागते. रॉड-एंड चांगल्या प्रतीचे वापरले नाहीत तर तिसरा आणि पाचवा गिअर चुकतो, आणि ६००० आरपीएमला चुकलेला गिअर इंजिन संपवतो. सीएनजीवर चाललेलं ईकोचं इंजिन घेणार असाल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट बघितल्याशिवाय घेऊ नका.

जुन्या काळाचं इंजिन हवं असणाऱ्यांसाठी आपल्याकडे खजिना आहे, आणि हा भाग मनापासून आवडीचा असल्याने थोडं सविस्तर. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी मालिकेतलं. एमजीए १५०० मध्येही याच मालिकेचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, तिथे जोडीने दोन एसयू कार्ब्युरेटर होते. एमजीएची प्रतिकृती करणाऱ्याला याहून खरं इंजिन भारतात मिळणार नाही. पण ते पूर्ण बिडाचं आहे, वजन दीडशे किलोच्या आसपास, आणि क्रँकला मुख्य बेअरिंग तीनच. ५५०० च्या वर ते फिरवायचं नाही. सहाशे किलोच्या गाडीत एवढं वजन पुढे आलं की वळणावर गाडी सरळ जायला बघते, म्हणून इंजिन जितकं मागे घेता येईल तितकं घ्यावं, पहिला सिलिंडर पुढच्या चाकांच्या रेषेवर किंवा मागे.

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन फियाट ११०० चं, ६८ बोअर आणि ७५ स्ट्रोक. इटलीत याच इंजिनांवर महायुद्धानंतर छोट्या रेसिंग गाड्यांची एक पिढी उभी राहिली. चिसितालिया त्यातलीच, आणि पुढे फॉर्म्युला ज्युनिअरमधली स्तांगेल्लिनीही. पण आपल्याकडच्या रूपात ताकद चाळीसच्या आसपास, आणि बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ती जोडणी जमिनीवर आणणं कटकटीचं आहे. १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनई मध्ये मात्र निसानचं ए१२ हे ११७१ सीसीचं इंजिन आणि निसानचीच चार गिअरची गिअरबॉक्स आहे, लिव्हर जमिनीवर. बोअर ७३ आणि स्ट्रोक ७०, म्हणजे स्ट्रोक आखूड, इंजिन आनंदाने फिरतं. मूळ ताकद ५२ बीएचपी. हेड नीट पोर्ट केलं, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सुधारलं तर त्यात अजून वाव आहे. दिसायलाही ते साठच्या दशकातलंच वाटतं. स्प्राइटची प्रतिकृती असेल तर जिप्सीपेक्षाही हेच जास्त शोभेल. अडचण एकच, चांगल्या अवस्थेतलं सापडायला वेळ लागतो.

डिझेल नको. वजन जास्त, कंपन जास्त, आरपीएमची पट्टी लहान. १.३ लिटर मल्टिजेट मोहात पाडतं, पण ते आडवं आहे आणि हलक्या गाडीला त्याचा टॉर्क चाकं घसरवण्यापलीकडे उपयोगाचा नाही. बाइकचं इंजिन साडेतीनशे-चारशे किलोच्या गाडीपर्यंत ठीक. सहाशे किलोला तिचा क्लच जळतो, रिव्हर्स नसतो आणि चेन सारखी ताणत राहावी लागते. नवी थार किंवा जिम्नी यांची इंजिनं लांबीत बसलेली आणि ताकदवान आहेत, जिम्नीचं १४६२ सीसीचं तर शंभरच्या वर जातं. पण ईसीयू (इंजिनाचा संगणक) इमोबिलायझरशी, एबीएसशी, डॅशबोर्डशी बोलत असतो. एक दुवा तुटला की इंजिन अर्ध्या ताकदीवर येतं. स्वतंत्र ईसीयू बसवून ट्यून करणारा माणूस हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

इंजिन मागे असलेली प्रतिकृती, म्हणजे पोर्शे ५५० स्पायडरसारखी, करणाऱ्यांना मात्र वेगळं उत्तर आहे. तिथे एस्टीमचं किंवा स्विफ्टचं आडवं इंजिन त्याच्याच गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टसकट सीटच्या मागे बसवायचं. काही जोडायची गरजच नाही. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या जागी पक्के रॉड लावून चाकांचा टो (आत-बाहेर वळलेला कोन) कायमचा बांधायचा आणि पुढच्या रेडिएटरपर्यंतच्या लांब पाइपमधली हवा काढायला सगळ्यात उंच जागी ब्लीड नट ठेवायचा.

जुनं इंजिन घेताना बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर जुळवून घ्या, शक्यतो नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून. नंबर घासलेला असेल तर हात लावू नका. मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली असू द्या. सुझुकीच्या या १.३ इंजिनाला १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आदर्श, १२ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरांतला फरक १ पेक्षा जास्त नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. ॲल्युमिनियमचं हेड तापलेलं असू शकतं, सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंग लागेल. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे सगळं इंजिन बाहेर असतानाच नवं टाका, मग ते चांगलं दिसो वा न दिसो. एमपीएफआय असेल तर वायरिंग कापू नका. ईसीयू, सगळे सेन्सर, रिले, फ्यूज बॉक्स, टाकीतला पंप आणि किल्ली एकाच गाडीची, अखंड घ्या.

बसवताना इंजिन मूळ गाडीत ज्या कोनात होतं त्याच कोनात ठेवा, नाहीतर तेल वेगळ्या कोपऱ्यात साचतं. हेडच्या मागच्या टोकाला बसलेला डिस्ट्रिब्यूटर किंवा सेन्सर काढायला हात जाईल इतकी जागा फायरवॉलपाशी सोडा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे आणि १ ते ३ अंशांच्या दरम्यान हवेत. कोन अजिबातच नसेल तर जॉइंटची सुई बेअरिंग एकाच जागी खड्डा पाडतात, आणि दोन कोन वेगळे असतील तर ठरावीक वेगाला सीटखाली घरघर येते. स्लिप योकला आतबाहेर २०-२५ मिलिमीटर सरकायला वाव ठेवा आणि तयार शाफ्ट डायनॅमिक बॅलन्स करून घ्या. शाफ्टभोवती पट्टीचं लोखंडी कडं लावा: जॉइंट तुटला तर शाफ्ट तुमच्या कमरेपाशी आपटू नये.

संपमध्ये ट्रॅकसाठी आडव्या पट्ट्या घालाव्याच लागतात. पिकअपभोवती चौकोनी कप्पा करून त्याला एका दिशेने उघडणाऱ्या झडपा लावल्या की लांब वळणावर तेल पळत नाही. उंची कमी करायला संप कापला असेल तर जितकं तेल कमी झालं तितकं दोन्ही बाजूंना पंख काढून परत मिळवा.

पाण्याचा त्रास जुन्या धाटणीच्या गाड्यांना हमखास होतो, कारण तोंड छोटं असतं. रेडिएटर मोठा लावून उपयोग नाही, तोंडातून आलेली हवा त्यातूनच जाईल असा पत्र्याचा बंद बोगदा करा आणि बोनेटखालची गरम हवा बाहेर जायला मागे वाट द्या. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आपल्या गॅरेजमध्ये अजून आहे. तसं करू नका, पाणी इंजिन थंड असतानाही रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नेमक्या तापमानाला येत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ते सुमारे सात-आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन तेवढं कमी पडतं. जेटमधून जाणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यासात साडेतीन टक्के वाढ पुरते: १२० चा मेन जेट असेल तर १२५ टाकून प्लगचा रंग बघा. जुने रबर पाइप, पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई इथेनॉलने फुगते. पाइप इथेनॉल सोसणारे, एसएई जे३० आर९ लिहिलेले घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर ती आधी बदला, नाहीतर सुटलेला गंज जेटमध्ये येतो.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टरवर ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा, मगच प्लग लावा. वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएमवर ठेवून पाणी, तेल आणि पेट्रोल कुठे गळतं ते बघा. गरम झाल्यावर ३००० आरपीएमला ऑइल प्रेशर ३ बारच्या वर हवं. थंड झालं की माउंटिंगचे, बेल हाउसिंगचे आणि शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे ट्रॅकवरून आल्यावर कोणता फिरला ते नजरेनेच कळतं.